वाचून दाखवणारे माणूस

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तरी दर श्रावणात आमच्या घरी 'पांडवप्रताप' लागत असे, आणि मी चौथी-पाचवीत गेल्यापासून तो वाचण्याचे काम माझ्याकडे आले. दिवेलागणीनंतर ओसरीवर पाट मांडायचा, पाटावर पोथी, शेजारी समई. समोर आजी, तिची धाकटी जाऊ आणि शेजारच्या दोन-तीन बायका. खेळायला जायच्या घाईत मी एखादी ओवी उरकली किंवा यमकाचा शब्द चुकवला, की वाती वळता वळता आजी मान वर न करता म्हणायची, "परत वाच. तिथं तसं नाही." पोथीत बघावे तर खरेच तसे नसे. वर्षानुवर्षे ऐकून या बाईचे चौसष्ट अध्यायांशी असे काही नाते जमले होते, की तिच्यासमोर चुकीचे वाचण्याची सोय उरली नव्हती. पुढे मी मराठी विषय घेऊन एम.ए. झाले आणि गेली पंचवीस वर्षे एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात साहित्य शिकवते आहे. इतका कडक परीक्षक मला नंतर विद्यापीठातही भेटला नाही.

ही आठवण हळवे होण्यासाठी काढलेली नाही. तिचा एका चालू वादाशी संबंध आहे. दर वर्षी १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला, की पंचक्रोशीतील दोन-चार शाळांतून मला भाषणाचे बोलावणे येते. विषय ठरलेला असतो, वाचनसंस्कृतीचा ऱ्हास. आरोपीही ठरलेले असतात : मोबाईल, इंग्रजी माध्यम आणि वेळ नसलेले पालक. मुलांना रोज दहा पाने वाचण्याची शपथ दिली जाते, पाहुण्यांचा हारतुऱ्याऐवजी पुस्तक देऊन सत्कार होतो आणि कार्यक्रम संपतो. माझ्या कपाटात एकाच चरित्राच्या तीन प्रती या मार्गाने जमल्या आहेत. अशी भाषणे मी स्वतः उत्साहाने केली आहेत, त्यामुळे त्यांची टवाळी करण्याचा मला अधिकार नाही. पण अलीकडे मला वाटू लागले आहे की या भाषणांचा पायाच कच्चा आहे. वाचन ही ज्याने त्याने, आपल्या आपण लावून घ्यायची सवय आहे असे त्यांत धरून चाललेले असते, आणि मग ती लागली नाही की त्या बिचाऱ्या पोराला आळशी ठरवणे सोपे जाते. मराठी मुलखात वाचन असे एकलकोंडे फार थोड्यांच्या वाट्याला आले. बाकी सर्वांसाठी ते एकाने वाचायचे आणि चौघांनी ऐकायचे अशा जोडीने चालत होते. ती जोडी आपण घरात मोडली, वर्गात मोडली आणि ग्रंथालयात तर कधी नीट बसवलीच नाही. वाचणारे वाढावेत असे वाटत असेल तर आधी वाचून दाखवणाऱ्याची सोय लावावी लागेल, आणि ती सोय शाळेच्या वेळापत्रकात, गुणपत्रिकेत आणि अनुदानाच्या हिशेबात दिसली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आमच्या गावातही फलक लागले, पेढे वाटले गेले. त्या दर्जासाठी जे जुने ग्रंथ पुराव्यात मांडले गेले होते, ते उघडून पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते, ती म्हणजे ते मुळात कानांसाठी झालेले ग्रंथ आहेत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'साठी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या त्या ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन, त्यांना विचारून. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत तर महानुभावांच्या पोथ्यांत त्या दोन्ही नोंदवलेल्या सापडतात. आपल्या भाषेतील आद्य गद्य हे असे ऐकीव माहितीचे, पण कमालीच्या काळजीने टिपलेले लेखन आहे. 'ज्ञानेश्वरी'ची गोष्ट याहून वेगळी नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, नेवाशाला ज्ञानदेव बोलले आणि सच्चिदानंदबाबांनी ते उतरवून घेतले, असे ग्रंथाच्या शेवटच्या ओव्यांतच नमूद आहे. नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला कवी समोर बसलेल्यांना म्हणतो, 'तरी अवधान एकलें दीजे । मग सर्वसुखासि पात्र होइजे'. त्याला समोरच्याचे लक्ष हवे आहे, तेवढेच हवे आहे. हा श्रोता ग्रंथात जागोजागी भेटतो. कवी त्याची मनधरणी करतो, त्याला थांबवतो, विषयांतर झाले तर त्याची क्षमा मागतो. एम.ए.च्या वर्गात आम्ही या सगळ्याला 'श्रोतृसंवाद' असे नाव देतो, त्यावर टीप लिहायला सांगतो, आणि त्या तासात एकही ओवी मोठ्याने म्हटली जात नाही.

छापखाना आल्यावर हे चित्र लगेच पालटले असे मानण्याचे कारण नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केला तेव्हा ज्या समाजासाठी तो निघाला त्या समाजात वाचता येणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. अशा पत्राला ऐकले जाण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. शाहिरी, सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलसे यांनी विचार गावोगाव नेला तो गळ्यावरून. अगदी आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतला काळ घेतला तरी शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघे एका व्यासपीठावर बसून कथाकथन करत महाराष्ट्रभर हिंडले. ज्यांनी आयुष्यात कथासंग्रह विकत घेतला नसता अशा माणसांनी त्या कथा ऐकल्या, आणि त्यांतल्या काहींनी नंतर पुस्तके शोधली. माझे वडील त्यांतले एक. जत्रेच्या फडात बसावे तसे ते त्या कार्यक्रमाला जाऊन बसले होते, असे ते सांगत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वरवरचा नाही. पोथी वाचण्याच्या या परंपरेचे गोडवे गाताना ती कुणाच्या ओसरीवर वाचली जात होती हे विसरून कसे चालेल? आमच्या ओसरीवर कोण बसत असे आणि कोण अंगणाच्या कडेला, गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे राहून ऐकत असे, हे मला लहानपणी दिसत होते. कळत मात्र नव्हते. ऐकण्याची परवानगी देऊन वाचण्याची नाकारणे ही आपल्याकडची जुनी युक्ती आहे. १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकार सभेचे, म्हणजे आजच्या साहित्य संमेलनाच्या पूर्वावताराचे, निमंत्रण पाठवले तेव्हा जोतीराव फुले यांनी ते नाकारले, आणि तुमच्या पुस्तकांच्या भावार्थाशी आमच्या सभांचा नि पुस्तकांचा मेळ बसत नाही, अशा आशयाचे खरमरीत उत्तर धाडले. साहित्य संमेलनाच्या वारशाबद्दल आपण अभिमानाने बोलतो तेव्हा हे पत्रही त्या वारशाचाच भाग आहे हे ध्यानात ठेवावे लागते. म्हणून जुनी ओसरी जशीच्या तशी परत आणा असे मी म्हणत नाही. ती परत येऊ नये अशीच माझी इच्छा आहे. त्या ओसरीवर जे चांगले होते, म्हणजे एका माणसाने दुसऱ्यासाठी वाचणे आणि ऐकणाऱ्याने त्याला टोकणे, ते आता सर्वांच्या मालकीच्या दोन जागांत आणता येते. शाळा-महाविद्यालयाचा वर्ग ही पहिली जागा आणि सार्वजनिक ग्रंथालय ही दुसरी.

वर्गात सध्या काय चालते ते आधी सांगते. दहावीची प्रश्नपत्रिका आता 'कृतिपत्रिका' झाली आहे, आणि तिच्यात उताऱ्याखाली 'स्वमत' नावाची एक कृती असते. कल्पना उत्तम होती. मुलाने घोकलेले सोडून स्वतःला काय वाटते ते लिहावे, यासाठी ती आणली गेली. वर्षभरात बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तकांत 'स्वमत' तयार छापून आले. माझ्याकडे अकरावीला येणाऱ्या मुलांना 'तुला काय वाटते?' असे विचारले की ती मनातल्या मनात तो परिच्छेद शोधताना दिसतात. एका मुलीने मला फार निरागसपणे विचारले होते, "मॅडम, ह्या धड्याचं स्वमत कुठल्या पुस्तकात चांगलं आहे?" तिचा यात काही दोष नाही. जे आधी ऐकलेच नाही, जे कुणी तिच्यासमोर सुरात, थांबत, हसत वाचले नाही, त्याबद्दल तिला मत कुठून असणार? पाठ्यपुस्तकातला धडा 'काढायचा' असतो, तो संपवायचा असतो. मराठीच्या तासाला धडा वाचून घेण्याची पद्धत अजून आहे खरी, पण ओळीने एकेका मुलाने उठून एकेक परिच्छेद कसाबसा ढकलायचा आणि उरलेल्यांनी आपली पाळी कधी येते ते मोजत बसायचे, याला वाचून दाखवणे म्हणत नाहीत. महाविद्यालयात तेवढेही उरलेले नाही. दोन श्रेयांकांच्या पेपरला तीस तास मिळतात. त्यांतले काही परीक्षेत, काही अंतर्गत मूल्यमापनात आणि काही आमच्याच बैठकांत जातात. तीस तासांत एक कादंबरी, तिच्या लेखकाचा परिचय, कादंबरी या प्रकाराची संकल्पना आणि स्वरूप हे सगळे बसवायचे म्हटल्यावर पहिली कात्री कादंबरीलाच लागते.

तरी अधूनमधून वेगळे काही घडते. बहिणाबाई चौधरींची कविता कोणत्या ना कोणत्या वर्गाला असतेच. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईच्या ओव्या घरातल्यांनी टिपून ठेवल्या, त्या तिच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या, हे सांगून मी एकदा 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर' शिकवत होते. मार्गदर्शकात 'वढाय'चा अर्थ 'चंचल' असा दिलेला होता आणि वर्गाने तो वहीत उतरवलाही होता. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा, सकाळचे दूध डेअरीला घालून येणारा, म्हणून पहिल्या तासाला हमखास उशिरा येणारा. मी कविता नुसती म्हणून दाखवल्यावर तो हसला. का हसलास म्हटल्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "चंचल नाही मॅडम. आमच्यात वढाळ म्हणतात. वढाळ ढोर कितीबी बांधा, दावं तोडून दुसऱ्याच्याच रानात जातंय. त्याच्या गळ्यात लोढणं अडकवायला लागतंय, पळाय लागलं की गुडघ्यावर बसतंय." मग त्याने हाताने त्या लाकडाची लांबी दाखवली, ते पुढच्या दोन पायांच्या मध्ये कसे लोंबते ते दाखवले. सगळा वर्ग वळून त्याच्याकडे बघत होता. 'चंचल' हा शब्द फुलपाखरालाही चालतो. बहिणाबाईंना मात्र पिकाची चटक लागलेले, मार खाऊनही पुन्हा तिथेच जाणारे जनावर म्हणायचे होते, आणि त्यात शेजाऱ्याच्या नुकसानीची, त्यावरून होणाऱ्या भांडणाची भीतीही होती. हे मला पंचवीस वर्षांत कुठल्या समीक्षेत सापडले नव्हते. मी पुस्तक मिटून ठेवले. उरलेला तास मन आणि लोढणे यांवर गेला. मनाला लोढणे कशाचे बांधायचे यावर दोन मुलींची चांगलीच जुंपली.

ती कविता त्या मुलाने छापील पानावर आधी पाहिली होतीच. पाहून त्याला काही वाटले नव्हते, कारण पानाखालचा 'चंचल' त्याच्या आणि कवितेच्या मध्ये उभा होता. ती कानावर पडली तेव्हा ती त्याच्या गोठ्यातली निघाली. बोली बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे वारंवार घडते, आणि आपल्याकडे प्रमाण मराठी घरात बोलणारी मुले किती असतात? कागदावरची मराठी पुष्कळ मुलांना परकी वाटते; तीच मराठी कुणी त्यांच्यासमोर बोलते केली की ओळखीची होते. परीक्षेच्या अंतर्गत गुणांत 'प्रकल्प' नावाखाली जे कापा-चिकटवा चालते त्याऐवजी विद्यार्थ्याने आपल्या निवडीचा एक वेचा वर्गासमोर, हवे तर आपल्या बोलीच्या हेलात, वाचून दाखवावा आणि ऐकणाऱ्यांनी त्याला प्रश्न विचारावेत, एवढा बदल विद्यापीठाची अभ्यासमंडळे उद्या करू शकतात. त्याला नवा कायदा लागत नाही, पैसाही लागत नाही.

कायदे आपल्याकडे आहेत. राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याच्या निर्णयावरून महाराष्ट्र ढवळून निघाला आणि २९ जूनला सरकारने ते शासननिर्णय मागे घेतले. त्या दोन-अडीच महिन्यांत मी या प्रश्नावर इतके लेख वाचले, इतक्या चर्चा ऐकल्या, आणि मागे घेण्याच्या मागणीशी मी सहमतही होते. पण मराठीच्या तासाला आज नेमके काय होते, त्या तासात किती मिनिटे मराठी साहित्य मुलाच्या कानावर पडते, हे विचारणारे त्यात अभावानेच आढळले. तास वाचवण्यासाठी आपण रस्त्यावर उतरतो, तासात काय चालते ते पाहायला वर्गात डोकावत नाही.

आता ग्रंथालय. या बाबतीत महाराष्ट्राला लाज वाटावी असे काही नाही, उलट वारसा दांडगा आहे. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये निघाले. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० नंतर खेड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयाचा कायदा केला, आणि महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ चा आहे. आज शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली, स्थानिक संस्थांनी चालवलेली आणि सरकारी अनुदानावर तगलेली. या जाळ्याचे दुखणे सर्वांना ठाऊक आहे. तिथले ग्रंथपाल सरकारी कर्मचारी नाहीत. अनुदानातला जो वाटा वेतनासाठी ठरलेला असतो त्यात त्यांचे भागवायचे असते, आणि खालच्या वर्गांतल्या ग्रंथालयांत तो इतका तुटपुंजा आहे की माणूस सकाळी दुसरीकडे नोकरी करून संध्याकाळी कुलूप उघडायला येतो. मधल्या काळात नव्या ग्रंथालयांची मान्यता आणि असलेल्यांचा वर्गबदल बरीच वर्षे थांबून होता. कागदोपत्री चालणारी ग्रंथालये तपासणीत सापडली म्हणून हे झाले, हेही मान्य केले पाहिजे. चोराबरोबर संन्याशालाही सुळी देण्याचा तो प्रकार होता.

पण पैशाच्या पलीकडे एक गोष्ट मला जास्त खटकते. आमच्या गावच्या ग्रंथालयाची इमारत आता दोन मजली आहे. वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी सकाळी सातपासून भरलेली. प्रत्येकाची जागा ठरलेली, पाण्याची बाटली ठरलेली, भिंतीवर घड्याळ आणि 'शांतता राखा'. खाली वर्तमानपत्रांचे टेबल, त्याभोवती चार-पाच निवृत्त मंडळी. आणि या दोघांच्या मध्ये, जिन्याच्या बाजूच्या लांब खोलीत, काचेच्या कुलूपबंद कपाटांत कथा, कादंबऱ्या, आत्मचरित्रे. मुले तिच्यावरून वर जातात, म्हातारी माणसे तिच्यापर्यंत येत नाहीत. किल्ली ग्रंथपालाकडे आणि ग्रंथपाल नोंदवह्यांत, कारण तपासणीला दाखल-नोंद, देवघेव आणि जडसंग्रह, म्हणजे खुर्च्या-कपाटांसारख्या वस्तूंची नोंद, पाहिली जाते. पुस्तक कुणी उघडून कुणाला काही वाचून दाखवले का, हे कोणत्याही तक्त्यात विचारलेले नसते. एकदा कार्यकारी मंडळाकडे मी आठवड्यातून एक तास वाचनासाठी मागितला. ठराव झाला. मग त्या तासाला बाहेरून कुणाला बोलवायचे तर मानधन खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली टाकायचे यावर गाडी अडली. चहापानाला शीर्ष होते, बांधणीला होते, वाळवीच्या औषधाला होते. वाचणाऱ्या माणसाला नव्हते.

यावर माझे काही सहकारी म्हणतात की ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे, आणि ऐकवण्याची सवय लावलीत तर मुले पुस्तक हातात घेणारच नाहीत. आधीच मोबाईलवर कथा ऐकून स्वयंपाक उरकणारा एक वर्ग तयार झाला आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. मर्ढेकरांची कविता एकदा कानावर पडून हाती लागत नाही, 'गुलामगिरी'तला युक्तिवाद पुन्हा मागे जाऊन तपासल्याशिवाय पूर्ण उलगडत नाही. अशा लेखनाशी शेवटी ज्याचे त्याने एकट्यानेच झुंजायचे असते. ती झुंज मला मुलांकडून हवी आहे, नाहीतर मी या पेशात कशाला राहिले असते? प्रश्न तिथपर्यंत पोचायचे कसे हा आहे. ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट होते त्यांना वाचून दाखवणारे कुणी ना कुणी लाभलेले असते, म्हणून आपण आपल्या आपण वाचायला लागलो असा त्यांचा समज होतो. आमच्या वर्गात बसणाऱ्या बहुसंख्य मुलांच्या घरात दिनदर्शिका, पाठ्यपुस्तके आणि फार तर एखादा हरिपाठ असतो. त्यांच्यासाठी ते माणूस घराबाहेर उभे करावे लागेल. मोबाईलवरच्या कथेची मला तक्रार नाही; फक्त त्या आवाजाला "परत वाच, तिथं तसं नाही" असे कुणी म्हणू शकत नाही, आणि ऐकणाऱ्याला लोढण्याची लांबी दाखवता येत नाही.

जिथे जिथे पुस्तकाभोवती माणसे जमवण्याची सोय केली गेली तिथे काही ना काही हलले आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात पुस्तकांची पेटी एखाद्या सोसायटीत, वस्तीत, परदेशातल्या मराठी मंडळात जाते आणि तिथले लोक ती आपसांत फिरवतात. पुस्तक कपाटातून न येता शेजारणीकडून येते, तिच्या दोन शब्दांसह. महाबळेश्वर तालुक्यातले भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले, तिथे पुस्तके गावकऱ्यांच्या घरांत मांडली गेली. पर्यटकांचा कल छायाचित्रे काढण्याकडे अधिक असतो हे मी पाहिले आहे. तरी एका घरात पाऊस लागला म्हणून अडकलेल्या कुटुंबाला त्यातल्या आजोबांनी शिकारीची गोष्ट वाचून दाखवलेली मी ऐकली, आणि घरमालकीण स्ट्रॉबेरी निवडता निवडता थांबली होती, हेही पाहिले.

मानधनाचा घोळ सुटेना तेव्हा मी शनिवारी संध्याकाळी स्वतःच ग्रंथालयात जाऊन बसू लागले. जागा जिन्याच्या बाजूची ती लांब खोली, कपाटे उघडी. माणदेश आमच्या तालुक्याला लागूनच आहे म्हणून माडगूळकरांची तिथल्या धनगरांच्या वाडीवरची कादंबरी 'बनगरवाडी' घेतली. पहिल्या शनिवारी सहा जण होते. त्यांतून ग्रंथपाल, त्यांची मुलगी आणि मी नेलेल्या दोन विद्यार्थिनी वगळल्या तर खरे श्रोते दोन. त्यांतला एक मोबाईल वाजला म्हणून उठून गेला तो गेलाच. दुसरे एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक, एरवी वर्तमानपत्राच्या टेबलावरचे. ते शेवटपर्यंत हाताची घडी घालून बसले आणि जाताना म्हणाले, "बाई, जरा सावकाश वाचा. मेंढरं अशी पळवू नका." मला आजीची आठवण झाली, पण मी बोलले नाही. पुढच्या शनिवारपासून सावकाश वाचू लागले. दुष्काळाचा भाग आला त्या दिवशी ते गृहस्थ मध्येच बोलू लागले. बहात्तर साली खडी फोडायच्या कामावर त्यांची आई जात असे, सुकडी, म्हणजे पिठाचे कोरडे खाणे, मिळे, ती कशी लागायची वगैरे. दहा मिनिटे पुस्तक बाजूला राहिले. त्या वेळेपर्यंत अभ्यासिकेतली तीन-चार मुले जिन्याच्या पायऱ्यांवर येऊन बसू लागली होती, अर्धवट, म्हणजे हातात चालू घडामोडींचे पुस्तक उघडे ठेवूनच. सुकडी म्हणजे काय, असे त्यांतल्या एकाने विचारले. परीक्षेला येईल म्हणून विचारले असावे.

हा प्रयोग यशस्वी झाला असे मी म्हणणार नाही. दहाव्या शनिवारी पुस्तक संपले तेव्हा अकरा माणसे होती, आणि पाऊस असता तर सातच आली असती. माझ्यासारख्या एखादीच्या हौसेवर असल्या गोष्टी फार काळ चालत नाहीत, याची मला कल्पना आहे. माझी बदली नसली तरी माझा घसा आहे, परीक्षेचे पेपर आहेत. म्हणूनच ग्रंथालयाच्या वेतनेतर खर्चात वाचनासाठी स्वतंत्र शीर्ष असावे, तपासणीच्या तक्त्यात त्याचा एक रकाना असावा आणि तालुक्यातले शिक्षक, नाटकवाले, कीर्तनकार, निवृत्त मंडळी, ज्यांना वाचता येते आणि आवाज आहे, त्यांना त्यातून रीतसर मानधन मिळावे, असा अर्ज मी जिल्ह्याच्या कार्यालयाकडे दिला आहे. पोच मिळाली आहे, उत्तर यायचे आहे.

शेवटच्या शनिवारी पायरीवरच्या त्या सुकडीवाल्या मुलाने जाता जाता विचारले, "मॅडम, ह्यांचं दुसरं कुठलं आहे का?" ग्रंथपालांनी कपाटातून एक कथासंग्रह काढून दिला. तो ग्रंथालयाचा सभासद नव्हता, फक्त अभ्यासिकेचा होता. अनामत भरायला त्याच्याजवळ पैसे नव्हते, म्हणून पुस्तक माझ्या नावावर गेले. त्याला आता तीन महिने होत आले. मुलगा मधल्या काळात पुण्याला क्लासला गेला आहे असे कळते, पुस्तकही त्याच्याबरोबर गेले असावे. ग्रंथपाल दर शनिवारी नोंदवही उघडून माझ्या नावापुढचा दंड वाचून दाखवतात.